चावते माशी, ओळख पटते अळीची

काळी माशी म्हटलं तर आपल्याकडे कोणाला काही वाटत नाही. अरुणाचलला बाइकवर जाऊन आलेला एखादा मित्र पोटऱ्यांवरचे लाल ठिपके दाखवत 'डिमडाम'च्या नावाने बोटं मोडतो, तेवढाच काय तो संबंध. ती डिमडाम याच खानदानातली, सिम्युलिडी, जगभर मिळून दोन हजारांवर स्पिसीज आहेत यात. आपल्याकडे चावते, खाज सुटते, चार दिवसांनी माणूस विसरतो. पश्चिम आफ्रिकेत मात्र हिच्या बहिणी माणसांचे डोळे घेऊन जायच्या, आणि त्यातली नेमकी कुठली बहीण गुन्हेगार हे ठरवायला लोकांनी जो उपद्व्याप केला तो मला इतका आवडतो की आज त्यावरच लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

रोगाचं थोडक्यात. नाव ऑन्कोसर्कायसिस, सगळे म्हणतात रिव्हर ब्लाइंडनेस. ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस नावाचा जंत असतो, त्याची मादी माणसाच्या कातडीखाली गाठ करून दहा-पंधरा वर्षं मुक्काम ठोकते आणि पिल्लं सोडत राहते. ती पिल्लं, मायक्रोफायलेरिया, कातडीत हिंडतात, डोळ्यात शिरतात, तिथं मरतात, मेल्यावर सूज येते आणि असं वर्षानुवर्षं होत गेलं की डोळ्याचा पारदर्शक पडदा पांढरा पडतो. माशी चावताना ही पिल्लं रक्ताबरोबर उचलते, आठवडाभर ती तिच्या अंगात वाढतात आणि मग ती दुसऱ्याला चावली की त्याच्याकडे. ग्वातेमालात रोब्लेसने १९१५ च्या सुमारास माशीवर बोट ठेवलं होतं आणि सिएरा लिओनमध्ये ब्लॅकलॉकने १९२६ साली सिम्युलियम डॅम्नोसम हीच हा जंत वाहून नेते हे दाखवून दिलं. माशीची अळी फक्त खळाळत्या पाण्यात जगते, त्यामुळे रोग नदीकाठी, आणि नदीकाठी म्हणजे नेमक्या चांगल्या जमिनीच्या ठिकाणी. व्होल्टा नदीच्या खोऱ्यात लोकांनी सुपीक जमीन सोडून गावंच्या गावं मागे हलवली ती यामुळे.

ही जी सिम्युलियम डॅम्नोसम, तिला नाव दिलं थिओबाल्डने, १९०३ साली, युगांडातल्या नमुन्यांवरून. दोन-तीन मिलिमीटरचा जीव, पाठीला कुबड, पुढच्या पायाचा पंजा चपटा-रुंद आणि त्यावर केसांची झालर, मागच्या पायावर फिकट पट्टा. एवढ्या खुणा जुळल्या की डॅम्नोसम, पुढची माशी आणा. पुढची साठ वर्षं जवळजवळ असंच चाललं, सेनेगलपासून युगांडापर्यंत सगळीकडे एकच माशी.

पण फील्डवरच्या माणसांना पाणी कुठंतरी मुरतंय हे कळत होतं. एका नदीवर माशी माणसाला फाडून खाते आणि दुसऱ्या नदीवर दिसायला तीच माशी माणसाकडे ढुंकून बघत नाही, जनावरांवर भागवते. जंगलपट्ट्यात अख्ख्या गावाच्या कातडीत जंत सापडतात पण आंधळे त्या मानाने कमी, आणि वर गवताळ सव्हानात गेलं की पन्नाशीच्या आतली माणसं पोराच्या हातातली काठी धरून चालतायत. आता एकच माशी आणि एकच जंत असेल तर हे असं का? कॅमेरूनमध्ये ड्यूक, लुइस आणि मूर यांनी सरळ प्रयोग केला, जंगलातल्या माश्यांना सव्हानातल्या रोग्यांचं रक्त पाजलं आणि उलटही करून पाहिलं. परक्या भागातला जंत माशीच्या अंगात धड वाढेना. हे त्यांनी १९६६ ला छापलं. म्हणजे जंतांच्या दोन जाती आहेत आणि माश्यांच्याही, असा वास यायला लागला.

आणि त्याच १९६६ साली डनबर नावाच्या माणसाने युगांडातल्या अळ्यांची गुणसूत्रं बघून सांगून टाकलं की ज्याला तुम्ही डॅम्नोसम म्हणताय त्यात निदान चार वेगवेगळ्या स्पिसीज आहेत. बाहेरून सगळ्या सारख्या.

ज्यांनी बीएस्सीला झूलॉजी घेतलं असेल त्यांना इथे लगेच प्रॅक्टिकल आठवेल. आपल्या युनिव्हर्सिट्यांत कायरोनोमसच्या लाल अळ्या आणायच्या, साचलेल्या टाकीतून नाहीतर गटारातून, एका सुईने डोकं दाबायचं, दुसरीने अंग धरून ओढायचं आणि डोक्याबरोबर त्या पारदर्शक लाळग्रंथी बाहेर येतात का बघायचं. आल्या तर नशीब. मग ऑर्सिन या रंगाचा थेंब, कव्हरस्लिप, वर ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्याने दाब. आमच्या बॅचला प्रॅक्टिकलला शिकवणारे सर म्हणायचे, दाब असा द्या की पेशी फुटेल पण काच फुटणार नाही, आणि आख्ख्या वर्गाच्या काचा फुटायच्या. पण एखाद्याची स्लाइड जमली की सगळे रांग लावून बघायला, कारण ती पट्ट्यापट्ट्यांची जाडजूड गुणसूत्रं पुस्तकातल्या चित्रापेक्षाही भारी दिसतात. आम्ही ते जर्नलमध्ये काढलं, सही घेतली आणि विसरलो. याच गोष्टीवर अकरा देशांचा रोगनियंत्रण कार्यक्रम उभा राहतो हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी शपथ घेऊन सांगतो मी जास्त लक्ष दिलं असतं.

काळ्या माशीच्या अळीतही तसंच. अळी पाण्यातल्या पानाला नाहीतर दगडाला रेशमाची गादी करून मागच्या आकड्यांनी चिकटलेली असते, डोकं प्रवाहाच्या दिशेने खाली आणि तोंडाचे दोन पंखे उघडून वाहत येईल ते गाळून खाते. रेशीम करणाऱ्या ग्रंथी याच त्या लाळग्रंथी, पार पोटाच्या टोकापर्यंत लांब, आणि त्यांच्या पेशींत डीएनएच्या प्रती वेगळ्या न होता एकमेकींना चिकटून राहतात, शेकडोंनी, म्हणून गुणसूत्र एवढं जाड होतं की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसावं. त्यांना म्हणतात पॉलिटीन गुणसूत्रं. काळ्या माशीत गुणसूत्रांच्या फक्त तीन जोड्या आणि त्याही जोड्या एकमेकींना घट्ट बिलगलेल्या, म्हणजे स्लाइडवर मोजून तीन दोऱ्या दिसायला हव्यात. कामाला हे फारच सोयीचं.

अळी निवडतानाच अर्धं काम होतं. नदीतून पान काढलं की त्यावर सगळ्या वयाच्या अळ्या असतात. छातीच्या बाजूला एक ठिपका दिसतो, तो म्हणजे पुढे कोषात जे श्वासाचे धागे येणार त्यांचा गुंडाळा, आतल्या आत तयार होत असलेला. ठिपका पांढरा असला तर अळी हवी त्या वयाची. काळा झाला की उशीर झाला, ती कोषात जायच्या तयारीत आहे आणि तिच्या ग्रंथी सुकायला लागल्यात, गुणसूत्रं वाचता येत नाहीत. पांढऱ्या ठिपक्याच्या अळ्या तिथल्या तिथे तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अॅसेटिक अॅसिडमध्ये टाकायच्या, द्रावण दोन-तीनदा बदलायचं कारण अंगातलं पाणी सुटून ते पातळ होतं, आणि थंड ठेवायच्या. लॅबमध्ये मग पोट चिरून फॉयल्गेन पद्धतीने रंगवायचं, कोमट नाही, चांगल्या साठ डिग्रीच्या हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये काही मिनिटं आणि मग शिफ रीएजंट. ग्रंथी जांभळट गुलाबी होतात, बाकीचं अंग तसंच फिकट राहतं, त्यामुळे सुईच्या टोकाने ग्रंथी उचलणं सोपं जातं. पुढे तेच, थेंब, कव्हरस्लिप, अंगठा.

आता त्या पट्ट्यांत बघायचं काय? उलटापालट. इन्व्हर्जन. मध्य रेल्वेवाल्यांना लगेच कळेल, स्टेशनं अशी: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. एखाद्या दिवशी मधला तुकडा उचलून कोणी उलटा बसवला तर ठाणे, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, डोंबिवली. स्टेशनं तीच, एकही कमी-जास्त नाही, क्रम फिरला. गुणसूत्रात असा तुकडा फिरला की अळीला बाहेरून काही फरक पडत नाही, माशी तशीच दिसते, पण पट्ट्या ओळीने वाचणाऱ्याला तो लगेच दिसतो. आणि ज्या अळीला आईकडून सरळ क्रम आणि बापाकडून उलटा क्रम मिळालाय तिच्यात दोन्ही धागे जोडी जुळवायला जातात, जुळत नाही, आणि तिथं चक्क एक वळसा तयार होतो. लूप. तो न शिकलेल्या माणसालाही दिसेल.

खरी मेख या लूपमध्ये आहे. समजा एका नदीतून शंभर अळ्या आणल्या. साठात सरळ क्रम आहे आणि चाळीसात उलटा. या सगळ्या एकाच जातीच्या असत्या, एकमेकींत लग्नं लागत असती, तर शंभरात जवळपास पन्नास अळ्या लूपवाल्या सापडायला हव्यात, साधं संभाव्यतेचं गणित आहे. आणि लूपवाली एकही नाही. एका पानावर, एका दगडावर शेजारी शेजारी बसल्यात, त्यांचे आईबाप त्याच काठावर उडतात, तरी मिश्र पोर एकही नाही. याचा अर्थ त्यांच्यात सोयरीकच होत नाही. आणि सोयरीक होत नाही म्हणजे दोन स्पिसीज, मग दिसायला कितीही जुळ्या असू देत. माशी हातात धरून जे साठ वर्षांत कळलं नाही ते एका न दिसणाऱ्या गोष्टीने कळलं, की अमुक तऱ्हेची अळी सापडतच नाही. मला तर हा सगळ्या भानगडीतला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

भारतात हे वाचून ज्यांना ओळखीचं वाटलं असेल त्यांच्यासाठी: हो, आपल्या मलेरियाच्या डासाचीही तीच कथा. ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस हा ग्रामीण भागातला मुख्य डास, तोही एक नसून पाच निघाला, ए, बी, सी, डी, ई, आणि त्यातली बी बहुतेक ठिकाणी मलेरिया पसरवण्यात अगदीच कच्ची. तिथंही गुणसूत्रांच्या उलटापालटीवरूनच ओळख, फक्त गुणसूत्रं अळीच्या लाळग्रंथीतून नाही, अर्धवट रक्त पचवलेल्या मादीच्या अंडाशयातून काढतात. हा फरक बारीक वाटतो पण लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

डनबरनंतर हे काम वाढत गेलं आणि १९७५ साली व्हजिमे आणि डनबर यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या आठ स्पिसीज गुणसूत्रांवरून वेगळ्या काढून दाखवल्या. नावं वाचली की नकाशा उघडल्यासारखं वाटतं. सिर्बानम म्हणजे नायजर नदीला मिळणारी सिर्बा, सँक्टिपॉली म्हणजे लायबेरियातली सेंट पॉल नदी, सुब्रेन्से म्हणजे आयव्हरी कोस्टमधलं सुब्रे गाव, याहेन्से लायबेरियातल्या याह नदीवरून. आणि प्रत्येकीचं राहणं वेगळं. मूळ डॅम्नोसम आणि सिर्बानम सव्हानातल्या, आंधळेपणाचा मुख्य दोष यांच्या माथी. याहेन्से जंगलातल्या छोट्या सावलीतल्या ओढ्यांवर. सँक्टिपॉली आणि सुब्रेन्से जंगलपट्ट्यातल्या मोठ्या नद्यांवर. स्क्वामोसम डोंगराळ भागातल्या वेगवान पाण्यात. पुढे या यादीत भर पडत पडत पूर्व आफ्रिका धरून गुणसूत्रांवरून वेगळे काढता येणारे प्रकार पन्नासच्या पुढे गेलेत. ते सगळे स्पिसीज आहेत की काही नुसते प्रादेशिक प्रकार, यावर त्या क्षेत्रातली मंडळी अजून भांडतात.

एवढं झाल्यावर वाटेल प्रश्न सुटला. तर घोडं इथंच अडतं.

चावते कोण? माशी, त्यातही मादी. रोग कोण पसरवते? तीच. आणि गुणसूत्रं कोणात वाचता येतात? अळीत. अळी चावत नाही, जंत वाहत नाही, पाण्यात पंखे उघडून निवांत बसलेली असते. नदीकाठी पँट गुडघ्यापर्यंत वर करून बसलेला माश्या पकडणारा माणूस, सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, पायावर माशी बसली की ती चावायच्या आत तिच्यावर छोटी नळी उपडी घालतो, झाकण लावतो, वेळ लिहितो. दिवसाच्या शेवटी त्याच्या डब्यात ज्या माश्या आहेत त्या फाडून आधी अंडाशय बघतात, एकदा तरी अंडी घालून झालेली आहे का, कारण तीच आधी कोणाला तरी चावून आलेली असणार, आणि मग डोक्यात जंताची तयार पिल्लं आहेत का. सगळं कळतं. फक्त ती कुठल्या जातीची हे कळत नाही, कारण क्युलिसिफेसिसच्या मादीसारखी वाचण्याजोगी गुणसूत्रं या मादीत सहसा मिळतच नाहीत. पुरावा एकीकडे आणि ओळखपत्र दुसरीकडे.

म्हणून मग परत अंगावरच्या खुणांकडे यावं लागलं. जर्मनीच्या गार्म्सने १९७८ मध्ये यावर जे काम केलं ते पुढे सगळ्यांच्या हाताशी राहिलं. युक्ती अशी की आधी ओळख गुणसूत्रांवरून पक्की करायची आणि मग खुणा शोधायच्या, साठ वर्षं जे उलटं चाललं होतं ते सुलटं केलं. अशी नदी शोधायची जिच्यातल्या अळ्या गुणसूत्रांवरून एकाच जातीच्या निघतात, तिथलेच कोष पानासकट उचलून डबीत ठेवायचे आणि त्यातून ज्या माश्या बाहेर येतील त्या कोणाच्या याबद्दल शंका राहत नाही. मग त्या माश्या ओळीने मांडायच्या आणि डोळ्यात तेल घालून बघायचं की या नदीच्या आणि त्या नदीच्या माश्यांत काही म्हणजे काही फरक दिसतोय का.

दिसला. पंखाच्या मुळाशी, जिथं पंख अंगाला जोडलेला असतो तिथं, केसांचा एक बारका झुबका असतो. सव्हानाच्या माश्यांत तो फिकट, याहेन्सेत काळा, आणि बाकीच्यांत मधला, म्हणजे काही केस फिकट काही काळे. पोटाच्या शेवटाकडच्या पाठीवरचे केस, पुढच्या पायाच्या अगदी वरच्या सांध्याचा रंग, अँटेनाचा रंग, हे सगळं टिपायचं. अँटेनाची लांबीही मोजायची, आणि छातीची लांबी भागिले अँटेनाची लांबी असं गुणोत्तर काढायचं, कारण फिकट झुबक्याच्या दोन सव्हाना बहिणी, डॅम्नोसम आणि सिर्बानम, नुसत्या रंगाने सुटत नाहीत. गुणोत्तरानेही एकेक माशी खात्रीने सुटत नाही. तीसचाळीस माश्यांचा गट घेतला तर कौल मिळतो. शिवाय झुबक्याचा रंग हंगामाप्रमाणे आणि गावाप्रमाणे थोडा सरकतो, एका नदीवर जे कोष्टक बसलं ते दुसऱ्या देशात तसंच्या तसं चालेल याची खात्री नाही. कोष आणि अळीच्या बाहेरच्या खुणा, पाठीवरचे गाठीसारखे उंचवटे, अंगावरचे खवले, कोषाचे श्वासाचे धागे, या सगळ्या डॅम्नोसमचा गट बाकी काळ्या माश्यांपासून वेगळा करायला फर्स्टक्लास, पण गटाच्या आत गेलं की ताकास तूर लागू देत नाहीत.

एवढ्या बारकाव्याला पैसे कोण देणार असं वाटेल. पण १९७४ साली पश्चिम आफ्रिकेत ऑन्कोसर्कायसिस कंट्रोल प्रोग्राम सुरू झाला, मुख्यालय वागादुगूला, आधी सात देश, नंतर अकरा, आणि २००२ पर्यंत चालला. माणसाच्या अंगातल्या मोठ्या जंताला मारणारं, गावोगाव वाटता येईल असं औषध तेव्हा नव्हतं, म्हणून माशीच बंद करायची असं ठरलं. अळी साधारण आठवडा-दीड आठवड्यात कोषात जाते, म्हणून दर आठवड्याला हेलिकॉप्टर नदीवरून जाऊन टेमेफॉस हे अळी मारणारं औषध टाकणार, आणि हे जंताचं आयुष्य संपेपर्यंत म्हणजे पंधराएक वर्षं चालू ठेवणार. कल्पना करा, दर आठवड्याला, पंधरा वर्षं. (कोविडमध्ये आपल्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जिच्यावरून हाणामाऱ्या झाल्या ती आयव्हरमेक्टिन या कामासाठी १९८७ पासून फुकट मिळायला लागली, आणि तीही मोठा जंत मारत नाही, पिल्लं मारते.)

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. ज्या नद्यांत महिनोन् महिने एकही अळी सापडत नव्हती तिथं पावसाळा सुरू होताच काठावर माश्या चावायला लागल्या. फाडून बघितल्या तर अंडी घालून झालेल्या, वयस्क, आणि काहींच्या डोक्यात जंत तयार. आल्या कुठून? नदीत अळी नाही म्हणजे गुणसूत्रं नाहीत, हातात फक्त माशी. तेव्हा कामाला आला तो पंखाच्या मुळाशी असलेला झुबका. फिकट. म्हणजे सव्हानावाल्या. मान्सूनच्या वाऱ्यावर बसून नैऋत्येकडून शेकडो किलोमीटर लांबून आल्या होत्या, आणि ज्या नद्यांत त्या जन्मल्या त्या कार्यक्रमाच्या हद्दीबाहेर होत्या. सुरुवातीचे सात देश पुढे अकरा झाले त्यामागे हे एक मोठं कारण होतं, जिथून माशी येते तिथपर्यंत जायलाच हवं होतं.

अळीच्या गुणसूत्रांनीही आपली पाळी आली तेव्हा काम केलं. १९८० मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये बांदामा नदीच्या खालच्या भागात टेमेफॉस टाकूनही अळ्या मरेनात. सगळ्याच अळ्या औषधाला दाद देत नाहीत असं असतं तर कार्यक्रम गुंडाळावा लागला असता. स्लाइडा बघितल्या तर वाचणाऱ्या अळ्या जंगलातल्या, सँक्टिपॉली आणि सुब्रेन्से या जोडगोळीच्या. आंधळं करणाऱ्या सव्हानाच्या माश्या तेव्हा अजून मरत होत्या. म्हणजे कुठल्या नदीत औषध बदलायचं आणि कुठं जुनंच चालू ठेवायचं हे ठरवता आलं. दुसरं औषध क्लोरफॉक्सिम आणलं, त्यालाही या लवकरच सरावल्या, मग बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हा जिवाणू आला. तो फार प्रमाणात ओतावा लागतो म्हणून पाणी कमी असेल तेव्हाच परवडतो, मोठ्या पाण्यात रासायनिक औषधं आलटून पालटून. हेलिकॉप्टरच्या पायलटला सकाळी काय भरायचं ते नदीची पातळी आणि अळीची जात अशा दोन गोष्टींवर ठरायचं.

माझं आवडतं उदाहरण मात्र बायोकोचं. इक्वेटोरियल गिनीचं हे बेट, कॅमेरूनच्या समोर समुद्रात. तिथं रोग पसरवणारी माशी याहेन्सेच, पण गुणसूत्रांवरून मुख्य भूमीवरच्या याहेन्सेपेक्षा वेगळी, तिला बायोको फॉर्म म्हणतात आणि ती इतरत्र कुठं सापडत नाही. आता हा नुसता वर्गीकरणवाल्यांचा हट्ट वाटेल, पण विचार करा, बेटावरची माशी मुख्य भूमीवरच्या माशीपेक्षा गुणसूत्रांत वेगळी पडलीय याचा अर्थ समुद्र ओलांडून येणंजाणं नाही. येणंजाणं नाही म्हणजे एकदा संपवली की परत येणार नाही. व्होल्टाच्या खोऱ्यात जी डोकेदुखी पाचवीला पुजलेली होती ती इथं नसणार. आधीचे प्रयत्न फसले, पण २००५ मध्ये जमिनीवरून आणि हेलिकॉप्टरने बेटावरच्या ओढ्यांत टेमेफॉस टाकलं आणि त्यानंतर तिथं ती माशी सापडली नाही. एक अख्खा प्रकार पृथ्वीवरून गेला. कोणाला वाईट वाटलं असेल असं वाटत नाही, मला थोडं वाटतं, पण मी बायोकोला राहत नाही.

आता सगळे विचारतात की डीएनएच्या जमान्यात हे अंगठ्याने दाबणं कशाला. रास्त प्रश्न आहे. प्राण्यांसाठी जो मायटोकॉन्ड्रियाचा बारकोड, म्हणजे जात ओळखायला वाचतात तो डीएनएचा छोटा तुकडा, सर्रास वापरतात तो काळ्या माश्यांच्या बऱ्याच गटांत छान चालतो, पण डॅम्नोसमच्या या जवळच्या बहिणींत बऱ्याचदा हात टेकतो, एकीचा बारकोड दुसरीत सापडतो. त्या वेगळ्या होऊन फार काळ लोटलेला नसावा आणि क्वचित कधी संकरही होत असावा. त्यामुळे पक्कं नाव हवं असेल तर आजही पांढऱ्या ठिपक्याची अळी आणि स्लाइड. आणि ती वाचणारा माणूस तयार व्हायला वर्षं जातात, पट्ट्यांचा नकाशा पाठ असावा लागतो, लोकलच्या स्टेशनांसारखा डोळे मिटून.

बाकी आज रोग संपला की नाही हे तपासायची पद्धतही बदललीय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या निकषांनुसार एखाद्या भागात औषधवाटप थांबवायचं तर इतर चाचण्यांबरोबर निदान सहा हजार माश्या तपासायच्या, दोन हजारांत एकीतही रोग पसरवणारा जंत नको. सहा हजार माश्या एकेक करून फाडणार कोण, म्हणून शंभर-दोनशेचे ढीग करून पीसीआर. जंताची तयार पिल्लं डोक्यात असतात, म्हणून फक्त डोकी तपासायची. डोकी वेगळी कशी करतात तर माश्या गोठवायच्या, डबी जोरात हलवायची की कडक झालेली डोकी माना मोडून पडतात, मग चाळणीने चाळून घ्यायची. काम झटपट होतं आणि उत्तरही चोख मिळतं. फक्त अँटेना गेल्या डोक्यांच्या ढिगात आणि छाती राहिली धडांच्या ढिगात, आता गार्म्सवाल्यांनी कुठली छाती कुठल्या अँटेनाने भागायची ते त्यांचं त्यांनी बघावं.